पिवळी पिन हिरव्या भोकात: जुने गेम नव्या टीव्हीला कसे जोडावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नाशिकला इंदिरानगरच्या घरी माळा आवरताना दोन जुने गेम सापडले: एक पातळ प्लेस्टेशन २ आणि एक नव्वदच्या दशकातला कॅसेटचा टीव्ही गेम, सोबत बंदूक. टीव्ही ४३ इंची एलईडी. त्याच्या मागे पिवळं भोक नाही. हिरवं, निळं, लाल आणि शेजारी आवाजाची लाल-पांढरी आहेत. प्लेस्टेशनची पिवळी पिन हिरव्यात घातली तर चित्र काळं-पांढरं आलं. म्हणून एम. जी. रोडवरून एचडीएमआयचा कन्व्हर्टर डबा आणला. रंग आले, पण चित्र धुरकट आणि आडवं ताणलेलं, शिवाय बटण दाबल्यावर उडी उशिरा. कॅसेटच्या गेमचा अडॅप्टर हरवलाय आणि त्याला नुसती अँटेनाची वायर आहे. बंदूक या टीव्हीवर चालेल का, हे मुलाला हवंय. आणि ओझरला आईकडे पडून असलेला २१ इंची डबा टीव्ही भंगारात द्यायचं घाटतंय.

पहिलं सांगतो ते हे की तो टीव्ही भंगारात देऊ नका. कारण शेवटी येईल.

तुमचे गेम बिघडलेले नाहीत आणि टीव्हीही ठीक आहे. ही यंत्रं पिक्चर ट्यूबसाठी बनलेली. ट्यूबच्या टीव्हीत वायरीतून आलेला सिग्नल जसा येईल तसा ताबडतोब पडद्यावर रेघ ओढायचा, मध्ये थांबून विचार करणारं कोणी नव्हतं. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो, सुधारतो आणि मग दाखवतो. त्यात आपण बाहेरून आणखी एक डबा लावला की हेच काम दोनदा होतं, दोनदा वेळ जातो आणि चित्रही दोनदा खराब होतं. माझ्या कामातला सगळा अनुभव इथेच येऊन ठेपतो: गेमपासून पडद्यापर्यंतचा रस्ता जितका थेट, तितका खेळ चांगला. तुमच्या टीव्हीला तो थेट रस्ता आहे, आणि बऱ्याच नवीन टीव्हींना तो नसतो, म्हणून तुम्ही नशीबवान आहात.

पण चित्राच्या आधी वीज. पंचवटीतल्या माझ्या टेबलावर जे जुने गेम दुरुस्तीला येतात त्यांत वयामुळे बंद पडलेले कमी आणि चुकीच्या अडॅप्टरने जळलेले जास्त असतात. कॅसेटच्या टीव्ही गेमला साधारणपणे ९ व्होल्ट डीसी लागतात आणि गोल पिनेच्या मध्यभागी बहुधा निगेटिव्ह असतो. घरात सहज सापडणारा सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो आणि मध्यभागी पॉझिटिव्ह. पिन मात्र तंतोतंत बसते, खरा धोका तिथेच आहे. गेमच्या आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो. तो मिळालेल्या व्होल्टेजचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून फेकतो. ९ चे ५ करताना तो कोमट होतो, १२ चे ५ करताना चांगलाच तापतो. उलटा ध्रुव गेला तर तेवढाही वेळ मिळत नाही. गेमच्या पाठीवर, अडॅप्टरच्या भोकाजवळ, एक छोटी खूण छापलेली असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. ती वाचा, नव्या अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळवा आणि मगच जोडा. खूण पुसली असेल तर अंदाजाने लावू नका. कुणाही टीव्ही मेकॅनिककडे मल्टीमीटर असतो, आतली वायर कुठे जाते हे तो दोन मिनिटांत सांगेल.

कंपनी आणि नाव सारखं असलं म्हणून अडॅप्टर सारखा असतो असंही नाही. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला मध्ये निगेटिव्ह लागतो आणि दुसऱ्या मेगा ड्राइव्हला मध्ये पॉझिटिव्ह. परदेशातून आणलेल्या यंत्रांचं दुखणं वेगळंच. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० आणि आपल्याकडे २३०. भावाने तिकडून पाठवलेला जुना जाडजूड गेम थेट आपल्या बोर्डात घातला की फ्यूज तरी जातो नाहीतर पॉवर सप्लाय. लेबलवर १०० ते २४० लिहिलं असेल तरच थेट लावायचं, नाहीतर स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. तुमच्या पातळ प्लेस्टेशन २ चा अडॅप्टर ८.५ व्होल्टचा आणि भरपूर करंट देणारा आहे. तो सापडलाय हे चांगलं झालं. त्याच्या जागी दुसरं काही लावण्याच्या फंदात पडू नका.

आता काळं-पांढरं चित्र. तुमच्या टीव्हीचं हिरवं भोक दुहेरी कामाचं आहे. नीट बघा, हिरव्या कड्याजवळ पिवळी खूण किंवा ‘व्हिडिओ’ असा शब्द असेल. पिवळी वायर तिथेच लावायची, तुम्ही बरोबरच लावली होती. चुकला तो फक्त रिमोटवरचा सोर्स. सोर्स ‘कंपोनंट’ असताना टीव्ही हिरव्या भोकातून फक्त उजेड-अंधार घेतो आणि रंगाची वाट निळ्या-लाल भोकांवर बघत बसतो. तिथे काही नाही, म्हणून चित्र काळं-पांढरं. जवळ जाऊन पाहिलं असतंत तर त्यावर बारीक ठिपक्यांची जाळीही दिसली असती. पिवळ्या वायरीत रंगाची माहिती उजेडातच मिसळलेली असते, ती अशी उघडी पडते. सोर्स ‘एव्ही’ करा, रंग येतील. यासाठी डबा घ्यायची गरज नव्हती.

सोर्स बरोबर असूनही रंग आले नाहीत तर दुसरं कारण शोधा. आपल्याकडचं जुनं अॅनालॉग टीव्ही प्रसारण पाल पद्धतीचं होतं: ६२५ रेघा, सेकंदाला ५० वेळा. अमेरिका-जपानची पद्धत एनटीएससी: ५२५ रेघा, सेकंदाला जवळपास ६० वेळा. रंगाचा सिग्नलही वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर, पालचा ४.४३ मेगाहर्ट्झवर आणि एनटीएससीचा ३.५८ वर. टीव्हीच्या मेनूत ‘कलर सिस्टीम’ पालवर अडकवून ठेवली असेल आणि गेम एनटीएससी असेल तर रंग जातात. ती ‘ऑटो’वर ठेवा. याच फरकामुळे काही गेम पाल आवृत्तीत संथ वाटतात. ज्या गेमचा वेग पडद्याच्या ठोक्याशी बांधलेला असतो तो ६० ऐवजी ५० वर चालवला की साधारण १७ टक्क्यांनी मंदावतो. संगीतसुद्धा.

पिवळ्या वायरीवर खेळता येतं, पण प्लेस्टेशन २ साठी मी तुम्हाला हिरवी-निळी-लाल, म्हणजे कंपोनंट वायर घ्यायला सांगेन. प्लेस्टेशन ३ ची जुनी कंपोनंट वायर कुणाकडे असेल तर तीही चालते, मागचं सॉकेट एकच आहे. फरक डोळ्यांना लगेच कळतो, अक्षरं वाचता येतात, लाल रंग पसरत नाही. मात्र क्रम पाळा. आधी पिवळ्या वायरीवरच, सीडी न घालता गेम चालू करा. सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ नावाची ओळ आहे, तिथे आरजीबी असेल तर बदलून दुसरा पर्याय ठेवा, वाय-सीबी-सीआरवाला. मग गेम बंद करून वायर बदला आणि टीव्हीचा सोर्स आता ‘कंपोनंट’ करा. हे आधी न करता वायर बदलली तर रंग भलतेच येतात आणि लोक वायर खराब म्हणून दुकानात परत नेतात. काही मोजके गेम सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही बटणं दाबून धरली की ४८० पी, म्हणजे सगळ्या रेघा एकाच फेरीत काढणाऱ्या मोडचा प्रश्न विचारतात. विचारला तर जरूर हो म्हणा, एलईडीवर ते चित्र सर्वांत स्थिर दिसतं.

एक अडचण सांगून ठेवतो. याच मशीनवर पहिल्या प्लेस्टेशनची, काळ्या पाठीची सीडी घातलीत आणि कंपोनंटवर पडदा काळा झाला तर घाबरू नका. ते जुने गेम २४० रेघांचं चित्र देतात आणि बऱ्याच एलईडी टीव्हींना कंपोनंटवर ते ओळखताच येत नाही. त्या सीडींपुरती पिवळी वायर परत लावा.

हे २४० रेघांचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या डब्याचा दोषही त्यातच दडलाय. टीव्हीचं नेहमीचं चित्र दोन फेऱ्यांत रंगायचं, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या. जुन्या गेमांनी यातून पळवाट काढली. दरवेळी त्याच रेघांवर चित्र काढायचं, मधल्या रेघा काळ्याच सोडायच्या. ट्यूबवर ते ठसठशीत दिसायचं. पण स्वस्त कन्व्हर्टरला हे माहीत नसतं. तो दोन लागोपाठची पूर्ण चित्रं म्हणजे एकाच चित्राचे दोन अर्धे भाग समजतो आणि त्यांना एकमेकांत विणतो. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते येतात. मार लागल्यावर लुकलुकणारा खेळाडू लुकलुकायच्या ऐवजी अर्धा दिसतो किंवा पूर्ण गायब होतो. आणि विणायला दोन चित्रं हातात हवीत म्हणून तो थांबतो. ६० च्या वेगाने एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं. डब्यात दोन-तीन गेली, पुढे टीव्हीत आणखी तीन-चार गेली, की उडी उशिरा हे मुलाचं म्हणणं अगदी खरं ठरतं. त्याचा हात चुकत नाहीये.

म्हणून तुमच्या टीव्हीसाठी डबा काढून टाका. ज्यांच्या टीव्हीला एचडीएमआयशिवाय काहीच नाही त्यांना तो लागेल. त्यांच्यासाठी एवढंच की घेताना दिशा तपासा. ‘एव्हीतून एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआयतून एव्ही’ हे दोन वेगळे डबे आहेत, दिसायला जुळ्या भावांसारखे, आणि एकाचं काम दुसरा करत नाही. डब्याला ५ व्होल्टची वीज लागते. ती टीव्हीच्या यूएसबीतून घेतल्यावर चित्र मध्येच जात असेल तर मोबाइलच्या चार्जरवर लावा. चित्र ताणलेलं असेल तर टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’मध्ये ४:३ निवडा. ज्याला या छंदात खोल जायचंय त्याच्यासाठी ओएसएससी आणि रेट्रोटिंक नावाची चांगली यंत्रं आहेत. ती २४० रेघा ओळखतात, प्रत्येक रेघ दुप्पट करतात आणि चित्र साठवून न ठेवता पुढे पाठवतात. पण ती महाग असतात. माळ्यावरच्या दोन गेमांसाठी मी कुणाला ती घ्यायला लावणार नाही.

नव्या काही टीव्हींना एव्हीसाठी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. त्यात मिळेल ती वायर घालून चित्र येत नाही, कारण पिनेवरच्या चार कड्यांचा क्रम प्रत्येक कंपनीने वेगळा ठेवलाय. टीव्हीसोबत आलेली वायर शोधा. ती नसेल तर गेमची पिवळी पिन आळीपाळीने लाल आणि पांढऱ्या भोकात घालून बघा, पुष्कळदा चित्र तिथे सापडतं. स्पीकरमधून भुर्र आवाज येणं ही चित्र आवाजाच्या वायरीत गेल्याची खूण. अर्थिंगची कडीच वेगळ्या जागी असेल तर मात्र अदलाबदल करून भागत नाही, वायरच दुसरी लागते.

टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ चालू करा. उशीर कमी करणारं एवढं मोठं बटण दुसरं नाही. ते नसेल तर मोशन, नॉइज रिडक्शन, डायनॅमिक काहीबाही, जे सुधारणा म्हणून दिलंय ते सगळं बंद करा. शार्पनेस बराच खाली आणा. जुन्या चित्रावर तो वाढवला की प्रत्येक कडेभोवती पांढरी रेघ येते. आकार ४:३ ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्यात. मारियो मुळात तेवढाच रुंद आहे.

आता कॅसेटचा गेम. वायर जोडण्याआधी त्याची बाजू नीट बघा. बऱ्याच मॉडेलना अँटेनाच्या भोकाबरोबर पिवळं आणि एक पांढरं किंवा लाल भोकही असतं आणि घरात ते कधीच कुणी वापरलेलं नसतं. असेल तर तेच वापरा. आवाज मोनो असल्याने एकाच स्पीकरमधून येईल, एका पिनेच्या दोन करणारी वायर लावली की दोन्हीकडून येतो. नसेल तर अँटेनाचा रस्ता. टीव्हीच्या अँटेना भोकातली केबल काढा, गेमची वायर लावा, कॅसेट घालून गेम चालू करा आणि चालू असतानाच अॅनालॉग चॅनेलचा सर्च द्या. गेम बंद ठेवून सर्च केला तर टीव्हीला सापडणार काय? ऑटोमध्ये सापडला नाही तर मॅन्युअल सर्च व्हीएचएफच्या, म्हणजे चॅनेलच्या खालच्या पट्ट्याच्या, खालच्या टोकापासून हळूहळू वर न्या. चित्र आलं पण आवाजाऐवजी खरखर आली तर त्याच मेनूत ‘साउंड सिस्टीम’ बघा. आपल्याकडे बीजी पद्धत चालायची, म्हणजे आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर. चीनमध्ये बनलेले पुष्कळ गेम डीके पद्धतीचे, ६.५ वर आवाज देणारे. बीजीचं डीके केलं की आवाज लागतो. हे एक सेटिंग माहीत नसल्यामुळे चांगले गेम मुके म्हणून फेकले गेलेत.

कॅसेट लागत नसेल, पडद्यावर चौकोन-चौकोन येत असतील, तर फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी लहानपणी मारली आणि गेम चालू झाला, ते फुंकरीमुळे झालं नाही, कॅसेट काढून परत बसवल्यामुळे झालं. तोंडातली वाफ तांब्याच्या त्या पट्ट्यांवर बसते आणि गंज वाढवते. नाशिकच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कॅसेटवर तो असणारच. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, जितकं शुद्ध तितकं बरं, आणि पट्ट्यांवरून फिरवा. कापूस काळा होईल. नवी काडी घ्या, काळं येणं थांबेपर्यंत पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग लावा. सँडपेपर अजिबात नको, वरचा मुलामा एकदा गेला की परत येत नाही.

राहिली बंदूक. ती तुमच्या एलईडीवर चालणार नाही, कुठल्याही वायरीने, कुठल्याही डब्याने. मुलाला कारण सांगा, त्याला आवडेल. आपल्याला वाटायचं की बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जातं. प्रत्यक्षात बंदूक म्हणजे एक डोळा. बदकांच्या खेळात घोडा दाबला की एका चित्रापुरता पडदा काळा होतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला काळ्यात उजेड दिसला नाही आणि चौकोनाच्या क्षणी दिसला, तर नेम लागला. बदकं दोन असतील तर चौकोन एकामागोमाग एक येतात आणि कुठल्या वेळी उजेड दिसला यावरून गेम ओळखतो की कुठलं पडलं. काळ्या चित्राची अट मुद्दाम आहे, नाहीतर खोलीतल्या दिव्यावर नेम धरूनही बदक पडलं असतं. एलईडी टीव्ही तो चौकोन काही क्षण उशिरा दाखवतो, तोवर गेमने बघणं संपवलेलं असतं. शिवाय मूळ बनावटीच्या बंदुकीचा डोळा ट्यूबच्या उजेडातली, सेकंदाला सुमारे १५,७०० रेघांची थरथर ओळखण्यासाठी जुळवलेला असतो. एलईडीच्या उजेडात ती नसते.

म्हणून ओझरचा टीव्ही हवा. त्यावर बंदूक चालेल, कॅसेटचा गेम अँटेनाच्या वायरीवरही स्वच्छ दिसेल, प्लेस्टेशनच्या काळ्या सीडीही चालतील, आणि बटण आणि उडी यांत अंतर राहणार नाही. मागे १०० हर्ट्झ लिहिलेलं नाही ना तेवढं बघा, शेवटच्या काळातल्या काही भारी ट्यूब टीव्हींमध्ये चित्र साठवून दुप्पट वेगाने दाखवायचे आणि त्यांवरही बंदूक चालत नाही. साधा २१ इंची असेल तर उत्तमच. नवी ट्यूब आता बाजारात मिळत नाही आणि भंगारात त्याचे पैसे किरकोळच येतात.

आणताना दोन माणसं लागतील, वजन सगळं काचेकडे असतं. उचलताना काच छातीकडे करा. गाडीच्या मागच्या सीटवर गादी घालून काच गादीवर टेकवा, ट्यूबचं नाजूक मागचं नळकांडं वर राहील. मागचं झाकण कुणीही उघडायचं नाही, बंद असतानाही. आत हजारो व्होल्ट साठून राहतात. घरी आणल्यावर तासभर तसाच ठेवा, मोठ्या स्पीकरपासून लांब, आणि मग चालू करा. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग दिसले तर मेन स्विच बंद करून अर्धा तास थांबा आणि परत चालू करा. चालू होतानाच टीव्ही स्वतःला डीगॉस करतो, म्हणजे आत साठलेलं चुंबकत्व घालवतो, असं काही वेळा केलं की डाग जातात. बंदूक लावाल तेव्हा ब्राइटनेस नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवा.